दवाखान्यांत तोंड दाबूं नका

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, दवाखान्यांतील चूक प्रथम कोणास दिसते? मोठ्या डॉक्टरास क्वचितच. ती रात्रपाळीच्या नर्सेस, आयेस व झाडूवाल्यास दिसते. हीं माणसें बहुधा आपल्याच घरचीं. तीं गप्प कां बसतात? बोललें कीं बदली होते, पोटावर पाय येतो.

इंग्लंडांतील स्टॅफर्डच्या सरकारी इस्पितळांत रोग्यांस चार तासांत तपासल्याचें खोटेंच लिहावयास लावीत. हेलेन डोनेली या नर्सनें २००७ सालीं तें वर कळविलें, तों सोबत्यांच्याच धमक्या आल्या. २०१३ सालीं रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशी अहवालानें तेथील रोग्यांचे हाल जगापुढें मांडले. २०१५ सालीं त्यांनींच सुचविलें कीं, नोकरांचें गाऱ्हाणें ऐकावयास प्रत्येक संस्थेंत एक विश्वासू माणूस असावा. २०१६ पासून तसे नेमलेही गेले.

आपल्याकडे कामाच्या जागीं स्त्रीचा लैंगिक छळ झाल्यास, २०१३ च्या कायद्यानें तक्रार करणारीचें नांव जाहीर करण्यास बंदी आहे. मग वापरलेली सुई पुन्हां टोंचली, दोघींचें काम एकीवर लादलें, असें सांगणारीस तेंच कवच कां नको?

आमचें मागणें साधें आहे. तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याच्या हातीं ती पडूं नये. नांव गुप्त रहावें. पुढें काय केलें तें सांगणारास कळावें. सूड उगविणारास शासन व्हावें.

यांत नर्सवर उपकार नाहीं. खाटेवरचा रोगी आपणच आहों. तोंड तिचें दाबलें, तरी जीव आपला जातो.