दिवा लागला की सेन्सर बदलू नका, आधी तपासा



मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाच्या पिकअपमध्ये पहाटेच इंजिनाचा दिवा लागला. मागे रोहू-कतलाचे कॅरेट, वर बर्फ, माल गोंदियाच्या बाजारात न्यायचा. थोडं पुढे जाताच गाडीने दम सोडला. कितीही रेस द्या, पळेचना. पोहोचेपर्यंत बाजार उतरला अन् मासोळी पडत्या भावात गेली. गॅरेजवाल्याने 'एक्झॉस्ट प्रेशर सेन्सर गेला' म्हणत नवा बसवला. आठवड्याने दिवा परत हजर! दुसऱ्या मिस्त्रीने पाहिलं, तर सेन्सरला जाणारी रबरी नळी चिरलेली होती.

आमचं म्हणणं एवढंच: तपासल्याशिवाय पार्ट बदलू देऊ नका.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल पिकअपच्या सायलेन्सरमध्ये धुराची काजळी अडवणारा फिल्टर येतो, त्याला डीपीएफ म्हणतात. फिल्टरच्या आधी आणि नंतर धुराचा दाब किती, हे दोन नळ्यांतून हा सेन्सर मोजतो. म्हणजे तो थर्मामीटर आहे. थर्मामीटर बिघडू शकतो, पण खरोखर ताप असेल तर थर्मामीटर बदलून ताप उतरत नाही. (डोंग्याच्या जुन्या डिझेल इंजिनाला हे काही नसतं, तिथे काळजी नको.)

मग तपासायचं कसं?

१) स्कॅनर लावून कोड काढा अन् कागदावर लिहून घ्या. पी-२४५३ सारखा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. दोष नळीत, वायरीत किंवा फिल्टरमध्येही असू शकतो.

२) सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर दोन्ही नळ्या पाहा. चिरली, निसटली, उलटी बसली, की आत काजळी-पाणी अडकलं?

३) वायर उंदराने कुरतडली का, प्लगमध्ये पाणी किंवा गंज आहे का, ते बघा. आपल्या गाड्या रोज धुतल्या जातात, वर बर्फाचं पाणी गळतं, म्हणून हे आधी.

४) इंजिन बंद, चावी चालू: स्कॅनरवर दाब शून्याच्या आसपास दिसायला हवा. तसा नसेल तर नळ्या काढून परत पाहा. तरी शून्यावर येत नसेल अन् वायरिंग ठीक असेल, तर सेन्सर खराब समजा.

५) इंजिन चालू करून रेस द्या. दाब वाढला पाहिजे. काटा हललाच नाही तर नळी किंवा सेन्सर. सेन्सर बरोबर असूनही दाब फार जास्त दिसत असेल, तर फिल्टर खरंच तुंबलाय.

हे शेवटचं आपल्याकडे घडायला वेळ लागत नाही. घाटावरून बाजार, बाजारातून घर, एवढ्याच फेऱ्या, त्यात गाडी उभी ठेवून इंजिन चालू. फिल्टरमधली काजळी जळायला मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात सलग १५-२० मिनिटं गाडी पळावी लागते. अधूनमधून ते करा. 'फिल्टरच काढून टाक' म्हणणाऱ्याचं ऐकू नका, ते कायद्यात बसत नाही अन् धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

सेन्सर खरंच बदलला तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने नवा सेन्सर गाडीला ओळखवून द्यावा लागतो. ते केलं का, हे विचारूनच पैसे द्या.

आणि एक मागणी. एकेकट्याला स्कॅनर महाग वाटतो, पण सोसायटीने एक घेतला तर सगळ्यांच्या कामी येईल. बंद ऋतू असतोच. जाळी विणायला बसतो तसं या काळात गाडीलाही बसू या. येत्या बैठकीत हा विषय ठेवा, भाऊ. खराब झालेला माल कोणी भरून देत नाही.