विश्लेषण : मोहफुलांचा ‘कीर’ का नको?

‘कीर’ म्हणजे काय?
फ्रान्सच्या बरगंडी भागातले हे साधे पेय. पेल्यात आधी १० मिलिलिटर ‘क्रेम द कासिस’ हे काळ्या करंट फळांचे गोड मद्य घालायचे, वरून ९० मिलिलिटर थंडगार व्हाइट वाइन ओतायची. बर्फ नाही, घुसळणे नाही. १९४५ ते १९६८ या काळात दिजाँ शहराचे महापौर असलेले फेलिक्स कीर पाहुण्यांना हेच पेय देत. पुढे त्यांचेच नाव त्याला चिकटले. फळ तिथलेच, वाइनही तिथलीच.

नंदुरबारशी संबंध काय?
वाइन नाशिकला आहेच. गोड मद्यासाठी सातपुड्यात मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी ही फुले धडगाव, अक्कलकुव्यातील आदिवासी कुटुंबे वेचतात आणि वाळवून ठेवतात. फुलांत साखर भरपूर, त्यामुळे ती सहज आंबतात. मोहाच्या शुद्ध मद्यात फुले आणि साखर मुरवून गाळले, तर ‘कासिस’च्या जागी शोभेल असे पेय होऊ शकते.

कायदा काय सांगतो?
विनापरवाना दारू गाळणे गुन्हा आहे. या फुलावर सरकारचा डोळा जुनाच. ब्रिटिशांनी १८९२ मध्ये ठाणे, कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा केला होता. एप्रिल २०२२ मध्ये मात्र राज्य मंत्रिमंडळाने मोहफुले आणि काजूबोंडांच्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचा निर्णय घेतला.

मग अडचण कुठे?
दर्जा मद्याला मिळाला, वेचणारीला नाही. कारखाना बाहेरच्याचा असेल, तर ती आठवडी बाजारात फुले विकणार, नफा दुसरीकडे जाणार आणि गुन्हा मात्र पाड्यावरच्या भट्टीवर नोंदणार. नर्मदेपलीकडे, मध्य प्रदेशातील अलिराजपूरमध्ये, आदिवासी बचत गटाला मोहाचे मद्य बनवण्याचा परवाना मिळाला आहे. वनहक्क कायदा, २००६ गौण वनोपजावर ग्रामस्थांचा हक्क मानतो. मग परवान्यात पहिला मान ग्रामसभेचाच हवा.

व्यसनाचे काय?
ही भीती खरी आहे. दारूने संसार मोडलेल्या बायका बाटली नकोच म्हणतील, तर तेही ऐकले पाहिजे. म्हणूनच परवाना घ्यायचा की नाकारायचा, हे ग्रामसभेने ठरवावे आणि त्या सभेत बायकांचा शब्द निर्णायक असावा. तेवढे झाले, तरच मोहाचा पेला पाहुण्यापुढे मानाने ठेवता येईल.