पाचव्या नंबरचा त्याग वगैरे

"तुझा नंबर कितवा?" असं मी नातीला विचारलं. तेहेतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईच्या तोंडून दुसरं काय निघणार! पण प्रश्न वर्गातल्या नंबराचा नव्हता. ती संगणकावर डोटा टू नावाचा लढाईचा खेळ खेळते. पाच जण या बाजूला, पाच त्या बाजूला, आणि समोरच्यांचा मुख्य गड पाडायचा. तर त्या पाचांत तू कोण, असं मला विचारायचं होतं.

ती म्हणाली, "पाच."

"म्हणजे शेवटची?"

"अगं आजी, शेवटची नव्हे. पैसा आधी कुणाला मिळायचा त्याचा तो क्रम असतो. एक नंबरला सगळ्यात आधी, पाचला सगळ्यात शेवटी."

मला वाटलं, शेवटची नव्हे तर काय! पण गप्प बसले. हे झालं दोन वर्षांपूर्वी. त्यानंतर मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून इतके सामने पाहिले आहेत की सूनबाई म्हणते, आई, आता तुम्हालाही एक माउस आणू का. आज जे लिहायचं आहे ते जरा चिडून लिहायचं आहे, म्हणून ही प्रस्तावना. माझ्यासारख्या 'या खेळांनी पोरं बिघडली' म्हणणाऱ्या पिढीतल्या वाचकांनी थोडा धीर धरावा. मीही तेच म्हणत होते.

गेल्या गॅदरिंगला तिच्या कॉलेजात या खेळाची स्पर्धा झाली आणि तिचा संघ जिंकला. बक्षीस समारंभाला मी गेले होते. सर्वोत्कृष्ट खेळाडूचं पारितोषिक एक नंबरवर खेळणाऱ्या मुलाला मिळालं, कारण त्याने सगळ्यात जास्त शत्रू मारले होते. मुलगा गुणी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. मग निवेदक माझ्या नातीकडे वळून म्हणाला, "आणि आपल्या ताईने संघासाठी मोठा त्याग केला, तिच्यासाठीही टाळ्या!" टाळ्या झाल्या. ट्रॉफी नाही, टाळ्या.

त्याग! त्या शब्दाने माझं डोकं जे फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

आता हा पाच नंबर, म्हणजे सपोर्ट, करतो काय ते आधी सांगते. त्याशिवाय माझा राग समजायचा नाही. या खेळात नकाशा बहुतांश अंधारात असतो. आपली माणसं, आपले बुरूज यांच्या आसपासचं तेवढं दिसतं. अंधारात शत्रू कुठे दबा धरून बसलाय ते कळावं म्हणून वॉर्ड रोवतात. वॉर्ड म्हणजे एक अदृश्य डोळा समजा. तो सहा मिनिटं टिकतो, मग विझतो. समोरच्यांच्या हाती दुसऱ्या जातीचा, सेंट्री नावाचा वॉर्ड असला तर त्यांना आपला डोळा दिसतो आणि ते तो फोडतात. म्हणजे डोळा कुठे रोवायचा हे ठरवताना पुढच्या सहा मिनिटांत लढाई कुठे होणार याचा अंदाज बांधावा लागतो, आणि समोरचा सपोर्ट तो कुठे शोधेल याचाही. नेहमीच्या टेकाडावर रोवला तर तो लगेच सापडतो. माझी नात मुद्दाम टेकाडाच्या अलीकडे, झाडांच्या आडोशाला रोवते. थोडं कमी दिसतं, पण डोळा जगतो.

दुसरं काम जंगलातलं. तिथे प्राण्यांचे ठरलेले अड्डे आहेत. घड्याळात मिनिट पुरं झालं की तिथे नवे प्राणी येतात, पण अड्डा रिकामा असेल तरच. म्हणून मिनिट पुरं व्हायच्या पाच-सात सेकंद आधी जायचं, आतल्या प्राण्यांना डिवचायचं आणि आपल्यामागे बाहेर ओढायचं. अड्डा रिकामा, की नवे हजर. तोवर जुने परत येतात. एका अड्ड्यात दुप्पट प्राणी. हे तीन-चारदा केलं की मागाहून एक नंबरवाला येतो आणि सगळा ढीग मारून एकदम श्रीमंत होतो. हिशेबाच्या पाटीवर पैसे त्याच्या नावावर चढतात. ढीग कुणी रचला त्याचा रकाना सामना संपल्यावर कुणी उघडून बघत नाही.

आणि तिसरं, वेळ. डॅझल नावाचं एक पात्र ती खेळते. त्याच्याकडे असा मंत्र आहे की ज्याच्यावर टाकला तो पुढचे काही क्षण मरूच शकत नाही. लवकर टाकला तर शत्रू मंत्र संपेपर्यंत थांबतो आणि मग मारतो. उशिरा टाकला तर माणूस गेलेलाच असतो. मधे जी फट उरते ती डोळ्याची पापणी लवण्याइतकी. पहिले काही महिने ती नेहमी लवकर टाकायची. घाबरून. आता ती समोरच्याच्या हातात कोणती शस्त्रं शिल्लक आहेत ते मोजत थांबते. ते थांबणं शिकायला तिला वर्ष लागलं.

यात त्याग कुठे आहे? हे ज्ञान आहे, सराव आहे.

आपल्याकडे मदत करणारा दिसला की लगेच त्याला हुतात्मा करायची खोड आहे. कुणी तरी बाजीप्रभूंचं नाव घेतंच. (समारंभानंतर चहाच्या वेळी एका प्राध्यापकांनी घेतलंच.) बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले ते १६६० सालच्या एका रात्रीच्या गरजेपोटी. रोज उठून खिंड लढवायची नसते. या खेळात तर मेलात की शत्रूला पैसे मिळतात आणि अनुभवही मिळतो. दर लढाईत शूरपणे पुढे धावून मरणारा सपोर्ट आपल्या संघाचा दानशूर नसतो, समोरच्या संघाचा सावकार असतो. क्वचित प्रसंगी एक नंबरला वाचवायला मरावं लागतं, नाही असं नाही. पण तो सौदा असतो, हिशेब करून केलेला. माझी नात मेली की आधी वर उजवीकडे बघते, त्या बदल्यात काय मिळालं ते.

त्यागाची दुसरी बहीण म्हणजे सेवा. ती तर आणखी घातक. नवखा सपोर्ट एक नंबरच्या पाठीशी सावलीसारखा चिकटून राहतो. त्याला वाटतं मी राखण करतोय. पण या खेळात जवळपास जितके जण उभे असतील तितक्यांत अनुभव वाटला जातो. म्हणजे हा नुसता शेजारी उभा राहून ज्याची सेवा करतोय त्याच्याच ताटातलं खातोय! चांगला सपोर्ट दूर जातो. दुसरीकडे कुणाला तरी त्रास देतो, डोळा रोवून येतो, आणि गरज लागणार त्याच्या पाच सेकंद आधी परत हजर होतो. मी हे पाहिलं तेव्हा मला आमच्या गावातले एक तबलजी आठवले. गवयाच्या प्रत्येक हरकतीला तबल्यावर उत्तर द्यायचे आणि गाणं बुडवायचे. साथ म्हणजे काय ते संगीतवाल्यांना कळतं. 'साथ' हा शब्द मला 'सपोर्ट'पेक्षा बरा वाटतो, त्यात खालचा-वरचा नाही. असो.

कुणी म्हणेल, बाई, नात आहे म्हणून बोलताय; मारणारा नसेल तर सामना कोण जिंकणार? मान्य. एक नंबर लागतोच. पण संघ चालवतं कोण ते बघा. डोटाच्या 'द इंटरनॅशनल' या जागतिक स्पर्धेत २०१७ साली सिएटलला टीम लिक्विड जिंकला, कप्तान कुरोकी, पाच नंबरचा खेळाडू. २०१८ साली व्हँकुव्हरला आणि २०१९ साली शांघायला ओजी हा संघ जिंकला. लागोपाठ दोनदा जिंकणारा पहिला संघ तो. कप्तान नोटेल, पाच नंबर. २०२० साली स्पर्धा झाली नाही. २०२१ साली बुखारेस्टला टीम स्पिरिट, कप्तान मिपोश्का. तोही पाच नंबर! २०१९च्या स्पर्धेची एकूण बक्षिसं ३ कोटी ४० लाख डॉलरच्या वर होती. एवढे पैसे पणाला लागलेले असताना कुणी नाव दुसऱ्यालाच द्यायचं म्हणून त्याग करणाऱ्याच्या हाती सुकाणू देत नाही. कारण साधं आहे. एक नंबरचे डोळे समोरच्या प्राण्याच्या शेवटच्या घावावर खिळलेले असतात, पैसा त्या शेवटच्या घावालाच मिळतो म्हणून. पाच नंबरला तो घाव घालायचा नसतो, त्यामुळे त्याला मान वर करून सगळा नकाशा बघता येतो.

आणि आता माझा खरा मुद्दा. या खेळांच्या कर्त्यांना जे कळलं ते आपल्या शाळा-कॉलेजांना कळलेलं नाही. लीग ऑफ लेजेंड्स म्हणून असाच दुसरा खेळ आहे, २००९चा. त्यात सुरुवातीला सपोर्टने स्वतःच्या तुटपुंज्या पैशातून सगळ्यांसाठी वॉर्ड घ्यायचे अशी रीत पडली होती. साहजिकच ते काम कुणाला नको असे. २०१३च्या अखेरीस कर्त्यांनी प्रत्येक खेळाडूला फुकट वॉर्ड दिला आणि सपोर्टला सपोर्टचंच काम करून पैसे मिळतील अशा वस्तू आणल्या. डोटातही सामान पोचवणारा कुरियर पूर्वी कुणीतरी विकत घ्यायचा, आणि तो 'कुणीतरी' बहुधा पाच नंबर. २०१९च्या शेवटी प्रत्येकाला स्वतःचा मिळाला. डोळ्यांचे वॉर्डही आता फुकट आहेत. लोक हे काम टाळतात म्हटल्यावर त्यांनी त्यागाची महती सांगणारं भाषण दिलं नाही. नियम बदलले. काम हिशेबात घेतलं.

मला हे का झोंबतं ते सांगून टाकते. आमच्या शाळेत बावीस तुकड्या होत्या आणि वेळापत्रक सतरा वर्षं मी केलं. मोठा कागद, पट्टी, शिसपेन्सिल, खोडरबर. कोणत्या बाईंचं बाळ लहान आहे, कोणत्या सरांची एसटी सव्वाअकराला येते, गणित जेवणानंतर नको, प्रयोगशाळा एकच. कुणी रजेवर गेलं की त्याचे तास वाटायचे, तेही शाळा भरायच्या आत. वेळापत्रक नीट असलं की ते कुणाला दिसत नाही. पर्यवेक्षकपद निघालं तेव्हा शंभर टक्के निकाल लावणाऱ्याला मिळालं. माझ्या निरोपसमारंभात मुख्याध्यापक म्हणाले, "बाईंनी पडद्यामागे राहून निःस्वार्थ त्याग केला." शाल, नारळ. मीसुद्धा तेव्हा डोळे पुसले, मूर्खासारखे. मी कसलाही त्याग केला नव्हता. मला ते काम येत होतं, आणि ते पद मला हवं होतं.

म्हणून त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी नातीला विचारलं, हा पाच नंबर तू निवडलास की तुझ्या वाट्याला आला? कारण अनोळखी लोकांबरोबर खेळताना मुलीचा आवाज ऐकला की काही जण सरळ म्हणतात, तू सपोर्ट घे, हे तिनेच मला सांगितलेलं. ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "आधी उरला होता. मग आवडला. आता दुसरा दिला तरी नको."

उत्तर प्रामाणिक आहे, आणि मला त्याचा पूर्ण आनंद झालेला नाही. उरलेलं आवडून घेण्यात आम्हा बायकांचा हात कुणी धरणार नाही. पण आवडल्यावर तिने तो कमावला आहे, तेव्हा मी तिला एक नंबर खेळ असं सांगणार नाही. (पहिल्या वर्षी सांगितलं होतं. "दुसऱ्यांच्या पिशव्या किती दिवस उचलणार?" हे माझेच शब्द. त्या निवेदकाला नावं ठेवताना हे विसरून चालायचं नाही.)

मी कॉलेजला पत्र लिहायला बसले होते. तिने अर्ध्यावर काढून घेतलं. म्हणाली, "रागाचं पत्र नको." तिने स्वतः आयोजकांना चार ओळी पाठवल्या. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट खेळाडू मारलेल्यांच्या आकड्यावर ठरवू नये. अंतिम सामन्याचं मुद्रण खेळातच जपलेलं असतं, ते दोन्ही कप्तानांनी आणि एका त्रयस्थाने बसून पुन्हा पाहावं आणि मग नाव द्यावं. त्यागाचा उल्लेख नाही, मुलींचा नाही, स्वतःचाही नाही.

याला पाच आठवडे झाले. उत्तर आलं, "बघू."