व्हेंटिलेटर चालवणार कोण?



छातीविकार आणि अतिदक्षता उपचारांची फेलोशिप पुण्या-मुंबईतच शोभते, बीडला व्हेंटिलेटर दिले की झाले, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे काही पटले नाही.

मण्यार चावलेला ऊसतोड मजूर बघा. जखम जेमतेम दिसते, सूजही नसते. आधी पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. प्रतिविष देऊनही काही दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो. तेवढे दिवस नळीतला कफ वेळेवर ओढला, रक्तातले वायू तपासून यंत्र जुळवत राहिले, तर बहुतेकदा माणूस आपल्या पायांनी घरी जातो. हे रात्री तीनला करणारा डॉक्टर हवा. फवारणीचे औषध प्यालेल्यांचेही तेच. यंत्र काय, टेंडर काढले की येते!

असा डॉक्टर घडवायला बीड जिल्ह्यातच जागा आहे: अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४चे, ग्रामीण भागासाठीच काढलेले. एमडीनंतर अशा प्रशिक्षणाला आणखी दोन-तीन वर्षे जातात. ती इथल्या खाटांपाशी का जाऊ नयेत?

शिकवणारे कुठून आणणार, हा त्या पत्रलेखकाचा प्रश्न मात्र रास्त आहे. मोठ्या रुग्णालयांतल्या प्राध्यापकांनी आळीपाळीने इकडे यावे, विद्यार्थ्यांनी काही महिने तिकडे काढावेत. त्यासाठी राहायची सोय आणि वेळेवर मानधन आधी ठरवावे लागेल.

– एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)