नीरा डाव्याचा पाझर वाचवा

1879 साली मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांचा कायदा केला. त्यात एक कलम असं होतं की, कालव्यापासून दोनशे यार्डांच्या आत कुणी विहीर पाडली आणि कालव्यातून झिरपलेलं पाणी त्या विहिरीत उतरलं, तर त्या पाण्यावर पिकवलेल्या जमिनीलाही पाणीपट्टी लावता येईल. सहा वर्षांनी, 1885 मध्ये, नीरा डावा कालवा वाहू लागला. 1876-77 च्या दुष्काळाने होरपळलेल्या मुलखासाठी हा कालवा खोदला गेला, पण सरकार त्यातला पैसा न् पैसा मोजत होतं. झिरपलेलं पाणी कुणाच्या तरी पिकाला मिळतं, हे त्या सरकारला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तर ते त्याची पट्टी मागत होतं.

आज तेच पाणी कागदावर ‘वहनव्यय’ म्हणून नोंदवलं जातं आणि ते थांबवण्यासाठी कालव्याच्या तळाला आणि बाजूंना काँक्रीट घालायचं म्हटलं जातं. नीरा डाव्याच्या अस्तरीकरणाला बारामती आणि इंदापूरच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आहे. तो विरोध म्हणजे विकासाला आडवं जाणं आहे, असं अधूनमधून ऐकू येतं. मला तसं मुळीच वाटत नाही. या दोन तालुक्यांच्या विहिरी कशावर जगतात हे ज्यांना रोज पोहरा सोडून, मोटार चालवून कळतं, त्यांचा तो विरोध आहे. तो अधिक नेटाने, अधिक अभ्यासाने आणि दोन्ही तालुक्यांनी मिळून करायला हवा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आपला मुलूख पर्जन्यछायेतला. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात ढग रिकामे होतात आणि आपल्यापर्यंत येईतो वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस उरतो. भाटघर 23.50, नीरा देवघर 11.73, वीर 9.41 आणि गुंजवणी 3.69 टीएमसी, अशी चार धरणं वर आहेत. त्यांचं पाणी वीरपासून निघून पुरंदर, बारामती, इंदापूर असं सुमारे दीडशे किलोमीटर येतं. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, वालचंदनगर ही सगळी कारखानदारी याच पाण्याच्या आधाराने उभी राहिली.

पण कालव्याचं पाणी रोज येत नाही, आवर्तनाने येतं. एक आवर्तन संपलं की दुसरं कधी सुटेल याची वाट पाहायची. त्या मधल्या दिवसांत पीक कोण जगवतं? विहीर. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. पाषाणात पाणी फारसं शिरत नाही. साठतं ते मुरमात आणि भेगांमध्ये, आणि तो थर काही फार जाड नसतो. पाचशे मिलिमीटर पावसाने तो वर्षभर भरलेला राहत नाही. कालवा वाहतो तेव्हा त्याच्या मातीच्या तळातून पाणी मुरमात उतरतं, हळूहळू उताराने नीरेकडे सरकतं आणि वाटेतल्या विहिरी भरत जातं. जे उरतं ते नदीत, तिच्यावरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत जातं. आवर्तन सुटलं की चार-आठ दिवसांत विहिरीला पाणी वाढतं, हे सांगायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही.

आणि इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. इंदापूरची डाळिंबं, द्राक्षं, पेरू ठिबकवर आहेत. ठिबकला रोज थोडं पाणी लागतं. महिन्या-दीड महिन्याने येणाऱ्या आवर्तनावर ठिबक चालत नाही, ते विहिरीवर किंवा शेततळ्यावर चालतं, आणि शेततळंही पुष्कळदा विहिरीतूनच भरतं. सरकार एका हाताने ठिबकला अनुदान देतं. ज्या विहिरीवर ते ठिबक जोडायचं, तिचा झरा मात्र दुसऱ्या हाताने बंद होणार. ऊस ठिबकवर न्या असं आपल्याला सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण मग तसं सांगणाऱ्यानेच विहिरीच्या पाण्याचं काय, याचंही उत्तर दिलं पाहिजे.

पाझराचा आणखी एक गुण असा की तो सातबारा बघत नाही. कालव्याच्या वरच्या अंगाला राहणारा, ज्याचं शेत लाभक्षेत्रात नाही, ज्याचं नाव पाणीअर्जावर कधी येणार नाही, त्याच्याही विहिरीला कालव्याचा ओलावा पोचतो. दोन म्हशी आणि पाऊण एकर घास असलेल्या बाईची रोजी त्यावर चालते. कित्येक गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी कालव्याच्या कडेला आहेत, त्या काही योगायोगाने तिथे पाडलेल्या नाहीत. काँक्रीट झाल्यावर ज्यांना पाणी मिळेल त्यांची यादी खात्याकडे असेल. ज्यांचं जाईल त्यांची यादी कुठेच नाही.

आता समोरच्या बाजूची म्हणणी. ती तीन आहेत आणि तिन्ही खरी आहेत, म्हणून त्यांना उत्तर द्यायलाच हवं.

पहिलं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही. इंदापूरच्या शेवटच्या फाट्यांवरच्या माणसाला विचारा, तो चिडून बोलेल, आणि त्याचा राग रास्त आहे. पण पाणी वाटेत कुठे जातं? गाळ आणि झाडोऱ्याने अडतं, मोडक्या दारांतून आणि चाऱ्यांतून जातं, कालव्यात थेट टाकलेल्या मोटारींनी उपसलं जातं, आणि हेडला, म्हणजे सुरुवातीच्या टोकाला, गरजेपेक्षा जास्त दिलं जातं. यातली बहुतेक कारणं मुख्य कालव्याच्या तळाला काँक्रीट घातल्याने दूर होत नाहीत. टेलच्या नावाने हे काम पुढे रेटायचं असेल, तर आधी दारं दुरुस्त करा, मोजमाप बसवा, बेकायदा मोटारी काढा. त्यानंतरही टेल कोरडं राहिलं तर अस्तरीकरणाचं बोलू. आणि त्या मोटारी कुणाच्या आहेत हे आपल्याला गावागावांत माहीत आहे. त्या काढायला आपणच सांगितलं नाही, तर आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही.

दुसरं, कालवा फुटतो. 2025 च्या मे महिन्यात अवकाळी पावसात पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा फुटला, पाणी शेतांत आणि वस्त्यांत शिरलं. जिथे कालवा भरावावरून जातो, जिथे खाली वस्ती आहे, तिथे मजबुतीकरण झालंच पाहिजे, अस्तरीकरणही झालं पाहिजे. त्याला कुणाचाच विरोध असू नये. पण जिथे कालवा खोदाईतून, जमिनीच्या पातळीखालून जातो, तिथे तो फुटणार कसा? भरावासाठीचं कारण पुढे करून खोदाईचेही पट्टे झाकायचे, हे मान्य होण्यासारखं नाही.

तिसरं म्हणणं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात गंभीर आहे. पाझराने जमिनी खराब होतात. हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर 1910 मध्येच पुस्तिका लिहिली होती. पुढे इंग्लिस या अभियंत्याने बारामतीत पाणथळ आणि खारवट जमिनी सुधारण्याचे प्रयोग केले. म्हणजे कालवा येऊन तीस वर्षं होण्याच्या आतच हे दुखणं दिसू लागलं होतं. आजही नदीकाठच्या खोलगट काळ्या रानांत चोपण जमिनी आहेत, आणि त्यांच्या मालकांना पाझराचं कौतुक सांगणं ही क्रूरता होईल. त्यांच्यासाठी चर खोदणं, निचरा नळ्या घालणं, पाट-पाण्याच्या उसावर आवर घालणं हे उपाय आहेत, आणि त्या पट्ट्यापुरतं अस्तरीकरणही करता येईल. पण चोपण रान कुठे आहे आणि कोरडी विहीर कुठे आहे याचा नकाशाच न काढता सगळ्या कालव्याला एकच औषध देणं, याला नियोजन म्हणत नाहीत.

असं औषध दिल्यावर काय होतं, हे जगाने पाहिलेलं आहे. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून कोलोरॅडो नदीचं पाणी नेणारा ऑल अमेरिकन कालवा आहे. तो मातीचा होता. त्यातून झिरपणारं पाणी सरहद्दीखालून पलीकडे मेक्सिकाली खोऱ्यात जाई आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या विहिरी भरत असे. अमेरिकेने हिशेब केला की वर्षाला 67,700 एकर-फूट पाणी वाया जातं. आपल्या मापात जवळपास 3 टीएमसी, म्हणजे आपल्या वीर धरणाच्या साधारण एक तृतीयांश. 23 मैलांचा काँक्रीटचा नवा कालवा बांधायचं ठरलं. मेक्सिकालीकर आणि कॅलिफोर्नियातल्या काही संघटना 2005 मध्ये न्यायालयात गेल्या. 2006 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी संसदेने हे काम विनाविलंब करावं असा कायदाच केला आणि पुढच्या वर्षी दावा संपला. कालवा झाला. वाचलेलं पाणी मुख्यतः सॅन दिएगो परिसराकडे गेलं. पलीकडच्या विहिरींचं आणि अँड्रेड मेसाच्या पाणथळीचं पाणी तुटलं. सरहद्दीच्या करारात त्या पाझराचा उल्लेख नव्हता, म्हणून मेक्सिकालीच्या शेतकऱ्याचा त्यावर हक्क नव्हता.

आपल्याकडे सरहद्द नाही, पण हक्काचा प्रश्न अगदी तोच आहे. अस्तरीकरणाने पाणी वाचेल, ठीक. ते वाचलेलं पाणी कुणाचं? नीरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यात पाणी कसं वाटायचं यावर 2019 आणि 2020 मध्ये सरकारचे निर्णय कसे फिरले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. उद्या वाचलेलं पाणी इंदापूरच्या टेलला जाईल, फलटण-माळशिरसला जाईल, एखाद्या शहराला जाईल की औद्योगिक वसाहतीला? याचं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय काँक्रीटची एक गाडीही कालव्यावर येता कामा नये.

लढून काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एक दुसरी गोष्ट. कॅनडातून अमेरिकेत तेल आणणाऱ्या कीस्टोन एक्सएल पाइपलाइनचा प्रस्ताव 2008 मध्ये आला. नेब्रास्का राज्यात ती ओगलाला या प्रचंड भूजलसाठ्यावरून जाणार होती. तिथले शेतकरी आणि पशुपालक काही चळवळे नव्हते. आमच्या विहिरीत तेल उतरलं तर जबाबदार कोण, एवढंच ते विचारत राहिले. आधी मार्ग बदलावा लागला. 2015 मध्ये परवानगी नाकारली गेली, 2017 मध्ये पुन्हा हालचाल सुरू झाली, 2021 च्या जानेवारीत परवाना रद्द झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने प्रकल्प सोडून दिला. या लढ्यात आदिवासी जमाती होत्या, पर्यावरणवाले होते, पण विहिरीच्या पाण्याचा प्रश्न घेऊन उभा राहिलेला शेतकरी नसता तर हा लढा एवढा टिकला नसता.

तिथला शेतकरी नकाशे, नमुने आणि नोंदी घेऊन सुनावणीला उभा राहत होता. आपण बहुतेकदा घोषणा घेऊन जातो. माझं पहिलं मागणं इथेच आहे. पुढचं आवर्तन सुटण्याच्या आदल्या दिवशी आपल्या विहिरीत दोरीला दगड बांधून सोडा, काठापासून पाण्यापर्यंत किती फूट आहे ते वहीत तारीख घालून लिहा. आवर्तन सुरू झाल्यावर आठ दिवसांनी पुन्हा मोजा, संपल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा. कालव्यापासून आपली विहीर किती लांब, वरच्या अंगाला की खालच्या, हेही लिहा. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर हे काम त्याला द्या, ते चोख करील. एका गावातल्या वीस-पंचवीस विहिरींच्या अशा नोंदी जमल्या की त्यांच्यासमोर ‘वहनव्यय’ हा शब्द टिकणार नाही.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, यांपैकी जी ग्रामसभा आधी येईल तिच्यात ठराव करा. ठरावात नुसता ‘विरोध’ लिहू नका. खोदाईच्या पट्ट्यात अस्तरीकरण नको, भरावाच्या धोकादायक पट्ट्यात तातडीने हवं, चोपण रानांना निचरा हवा, भूजल सर्वेक्षण यंत्रणेने दोन्ही तालुक्यांत विहिरींचा अभ्यास केल्याशिवाय निविदा नको आणि वाचणाऱ्या पाण्याचा लेखी हिशेब हवा, असं स्पष्ट लिहा. ठरावाची प्रत कार्यकारी अभियंत्याला द्या, पोच घ्या. कालवा सल्लागार समितीत बसणाऱ्या प्रत्येक आमदाराला, खासदाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा आणि कुठल्याही पवारांचा वा पाटलांचा असो, तीच प्रत द्या.

आणि बारामतीकर, इंदापूरकर असे वेगवेगळे जाऊ नका. हेड विरुद्ध टेल अशी आपली भांडणं शंभर वर्षांची आहेत, ती एका वर्षात मिटणार नाहीत. पण सणसरचा माणूस आणि माळेगावचा माणूस एकाच निवेदनावर सही करू शकतो, कारण दोघांच्या विहिरीत उतरणारं पाणी एकाच कालव्याचं आहे. टेलच्या गावांना आपल्यासोबत यायचं असेल, तर हेडच्या गावांनी आधी आपल्या हद्दीतल्या मोटारी कालव्यातून काढाव्यात आणि तसं पत्र टेलच्या ग्रामपंचायतींना पाठवावं. त्या पत्रावर पहिली सही कुठलं गाव करतं, याची वाट न पाहता आपल्या गावाची करून टाका.