करड्या खारींतली काळी

१९६१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, केंट स्टेट विद्यापीठाच्या आवारात, कॅनडाहून आणलेल्या १० काळ्या खारी सोडण्यात आल्या. हा खटाटोप दोघांचा. विद्यापीठाची बाग-मैदानं सांभाळणारे लॅरी वुडेल आणि झाडांची निगा राखणाऱ्या डेव्ही कंपनीतून निवृत्त झालेले एम. डब्ल्यू. स्टेपल्स. आज त्या १० खारींचा वंश केंट गावभर आणि गावाबाहेरच्या रानात पसरला आहे. विद्यापीठात १९८१पासून काळ्या खारीच्या नावानं दरवर्षी उत्सव भरतो. तीच खार गावाची वेस ओलांडून हिकरीच्या रानात शिरली, की मात्र ती शिकार ठरते. ओहायोत खारींच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत चालतो. परवाना असलेल्या शिकाऱ्याला दिवसाला ६ खारी मारता येतात आणि त्या सहांत काळीही चालते.

मराठी वाचकाला हे खटकेल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली आणि भीमाशंकरचा शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. अमेरिकेत हिशेब वेगळा आहे. तिथे १९३७च्या कायद्याप्रमाणे शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या संगोपनासाठी राज्यांना मिळतो, परवान्याच्या शुल्कातून वनरक्षकांचे पगार निघतात आणि खारीची शिकार हा खेड्यांतल्या अनेक मुलांचा शिकारीतला पहिला धडा असतो. ही पद्धत पटो न पटो, वेगळ्या रंगाच्या जनावराचं काय करायचं हा प्रश्न तिथल्या शिकाऱ्यासमोर दर हंगामात येतो आणि त्याचं उत्तर तो ट्रिगरवरच्या बोटानं देतो.

ही शिकार बसून करायची असते. पहाटे हिकरीच्या किंवा ओकच्या झाडाला पाठ टेकून बसायचं आणि हलायचं नाही. माणूस आल्यानं गप्प झालेलं रान हळूहळू बोलायला लागतं. मग वरून टरफलांचे बारीक कपचे वाळल्या पानांवर टपटप पडू लागतात. खार वर बसून हिकरीचं फळ कुरतडते आहे, हे कानाला आधी कळतं, डोळ्याला नंतर. मांस नासू नये म्हणून पॉइंट टू-टू रायफलीनं नेम डोक्याचा धरतात. डिसेंबरात पानं झडलेली असली, की करडी खार करड्या सालीला चिकटून बसते आणि नजरेसमोर असून दिसत नाही. काळी मात्र लगेच दिसते. उलट हेमलॉकच्या दाट, अंधाऱ्या सावलीत काळी हरवते आणि करडी उठून दिसते. या आळीपाळीच्या खेळात शिकाऱ्याचा डोळा हाही एक खेळाडू असतो, आणि काळ्या खारीची सगळी गोष्ट या डोळ्याभोवतीच फिरते.

काळी खार ही वेगळी जात नव्हे. पूर्व अमेरिकेत सगळीकडे दिसणाऱ्या करड्या खारीचाच तो एक रंग आहे. केसांत काळा रंग किती भरायचा हे ठरवणारं एमसी१आर नावाचं एक जनुक असतं. त्यातला २४ अक्षरांचा तुकडा गळून पडला, की काळ्या रंगाचा नळ उघडाच राहतो. असं बदललेलं जनुक आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आलं, तर खार काळपट तपकिरी होते आणि पोट तांबूस राहतं. दोघांकडून आलं, तर ती पोटासकट कोळशासारखी काळी. मारलेली खार हातात उलटी धरली, की पोट बघून शिकारी तिची आनुवंशिकता सांगू शकतो. करड्या-करड्याच्या जोडीला काळं पिल्लू होत नाही, पण दोन तांबूस पोटाच्या काळ्यांना करडं पिल्लू होऊ शकतं. एकाच ढोलीत दोन्ही रंगांची भावंडं वाढतात.

हे बदललेलं जनुक करड्या खारीचं स्वतःचंही नसावं. इंग्लंडमधल्या अँग्लिया रस्किन विद्यापीठाच्या हेलन मॅकरॉबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की ते तिच्या थोराड नातलगाकडून, फॉक्स स्क्विरल या खारीकडून, संकरातून आलेलं असण्याची शक्यता जास्त आहे. विणीच्या दिवसांत माद्यांमागे धावणाऱ्या नरांच्या झुंडीत कधीतरी परक्या जातीचा नर घुसला असणार.

काळेपण हा दुबळेपणाही नाही. कॅनडात १९७०च्या दशकात खारींवर मोजमापं झाली. पारा शून्याखाली १० अंशांच्याही खाली गेला, तेव्हा काळ्या खारींच्या अंगातून करड्यांपेक्षा १८ टक्के कमी उष्णता बाहेर जात होती. कदाचित म्हणूनच ओंटारियो, मिशिगन अशा उत्तरेकडच्या थंड मुलखात काळ्या जास्त आणि दक्षिणेकडे विरळ. टोरांटोत मुलाकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांना अंगणात पहिली काळी खार दिसते, तेव्हा त्यांना ती नवलाची वाटते. तिथल्या लोकांना तिचं काहीच वाटत नाही.

गोऱ्या वसाहती वाढण्याआधी, पूर्वेकडची जुनी घनदाट रानं शाबूत होती तेव्हा काळ्या खारी कितीतरी जास्त असाव्यात, असं अनेक अभ्यासक मानतात. मग रानं तुटली, मक्याची शेतं आली आणि खारींवर माणसाची खुन्नस सुरू झाली. ओहायोच्या विधिमंडळानं १८०७ मध्ये कायदाच केला: प्रत्येक करदात्यानं करासोबत खारींच्या टाळूची किमान १० कातडी भरावीत. १८२२ मध्ये कोलंबसच्या आसपास मोठी हाकाशिकार झाली, तिच्यात १९,६६० टाळू मोजले गेले. कोवळ्या, उजेडाच्या, पुन्हा उगवलेल्या रानात करडा रंग लपायला बरा. तिथे ससाणा आणि बंदूक या दोघांच्याही नजरेत आधी काळीच भरणार.

न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहराभोवती ब्रॅडली कोसेंटिनो आणि जेम्स गिब्स या अभ्यासकांनी याच गोष्टीचा पिच्छा पुरवला. शहराच्या मध्यभागी काळ्यांचं प्रमाण जास्त आणि बाहेर रानाकडे जावं तसं ते घसरत जातं, असं त्यांना आढळलं. रानात शिकारी प्राणी आहेत आणि हंगामात बंदुका आहेत. शहरात बंदूक चालत नाही. शिवाय डांबरी रस्त्याच्या पार्श्वभूमीवर करडी खार गाडीवाल्याला चटकन दिसत नाही, काळी दिसते. त्यामुळे चिरडलेल्या खारींत काळ्यांचा वाटा अपेक्षेपेक्षा कमी भरतो. जे उठून दिसणं रानात मरण ओढवतं, तेच रस्त्यावर जीव वाचवतं.

याचा अर्थ शिकाऱ्यानं समजून घ्यायला हवा. तो रानाबाहेर बसलेला प्रेक्षक नाही. कुठला रंग पुढच्या पिढीत जाईल यात त्याच्या बंदुकीचा वाटा आहे, मग त्याचा तसा इरादा असो वा नसो.

शिकाऱ्यांच्या अड्ड्यांवर या विषयावर दोन तट असतात. एक म्हणतो, काळी दिसली तर सोडू नये. पेंढा भरून भिंतीवर लावायला आयुष्यात एकच मिळते. दुसरा म्हणतो, वेगळी आहे म्हणूनच सोडावी. स्वयंपाकघराला या वादाशी घेणंदेणं नाही. कातडं काढण्याआधी खार पाण्यात बुचकळतात, म्हणजे केस मांसाला चिकटत नाहीत. मग शेपटीखाली काप घेऊन, शेपटीवर पाय देऊन खार मागचे पाय धरून ओढली, की कातडं बऱ्यापैकी एका झटक्यात उतरतं. आत काळी आणि करडी सारखीच, पिठात घोळून तळली तरी आणि मंद आचेवर रश्श्यात शिजवली तरी. शेपटीलाही गिऱ्हाईक आहे. विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो गावची मेप्स ही मासेमारीचे गळ बनवणारी कंपनी शिकाऱ्यांकडून खारींच्या शेपट्या घेते, काळ्याही. फिरत्या पात्याच्या गळामागे तो केसांचा झुपका बांधतात. नुसत्या शेपटीसाठी खार मारू नका, असं कंपनी स्वतःच बजावते, आणि हे चांगलं आहे.

पांढऱ्या रंगाची गोष्ट निराळी. इलिनॉयमधल्या ओल्नी गावात लाल डोळ्यांच्या अल्बिनो खारी आहेत. रस्त्यावर गाडीनं त्यांना वाट द्यायची, असा गावाचा नियम आहे आणि पोलिसांच्या खांद्यावरच्या पट्टीवर पांढरी खार आहे. हरणांच्या बाबतीत तर राज्यागणिक कायदा बदलतो. विस्कॉन्सिनमध्ये पांढरं हरीण मारणं गुन्हा आहे. पांढरं कशाला म्हणायचं हेही कायद्यात लिहिलेलं आहे: खूर, मागच्या पायांवरच्या गंधग्रंथी आणि डोक्याचा भाग सोडून सगळे केस पांढरे असले पाहिजेत. पाठीवर तपकिरी डाग असलेलं कबरं हरीण या व्याख्येत बसत नाही. शेजारच्या मिशिगननं अल्बिनो हरणांवरची शिकारबंदी २००८ मध्ये उठवली. मधे फक्त राज्याची सीमा आहे.

बंदी उठवण्याच्या बाजूनं जो युक्तिवाद होतो, तो सगळाच टाकाऊ नाही. कबऱ्या हरणांत पाठीला बाक, आखूड पाय अशी व्यंगं अनेकदा आढळतात. अल्बिनोची नजर अधू असते. अशी जनावरं वाचवून कळपाचं भलं होत नाही, असं वनाधिकारी सांगतात आणि ते खरं आहे. पण ती मारूनही कळपाचं भलं होत नाही. ही जनुकं तपकिरी हरणांत लपून असतातच, चार पांढरी मारल्यानं ती पुसली जात नाहीत. तेव्हा मारण्याला ‘रक्तशुद्धी’चं नाव देणाऱ्या शिकाऱ्यानं ते सोडून द्यावं. भिंतीवर लावायला हवं होतं, असं सरळ सांगावं.

बंदुकीनं रंग कसा फिरवता येतो, हे न्यूयॉर्कच्याच सेनेका लष्करी डेपोत दिसलं. १९४१ मध्ये दारूगोळ्याच्या कोठारांसाठी १० हजार एकरांवर जमीन कुंपणात बंद झाली आणि हरणांचा कळप आत अडकला. काही पांढरी हरणं दिसू लागली. १९४९च्या सुमारास तिथल्या अधिकाऱ्यानं ती मारायला मनाई केली. शिकार तपकिरी हरणांची चालू राहिली. कुंपणातलं आपसातलं प्रजनन आणि एकाच रंगावर रोखलेल्या बंदुका, या दोन गोष्टींनी पुढे तिथे शेकडो पांढरी हरणं झाली. निसर्गात असा कळप उभा राहिला नसता.

कॅनडाच्या प्रशांत किनाऱ्यावर मात्र पांढऱ्या अस्वलांना कुंपण लागलं नाही. काळ्या अस्वलाचाच हा पांढरा प्रकार. तिथल्या गिटगाट आणि कितासू या आदिवासी लोकांनी फरच्या व्यापाऱ्यांच्या कानी जाऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्याविषयी बोलणं टाळलं. दिवसाउजेडी सामन मासे पकडण्यात ही अस्वलं काळ्यांपेक्षा सरस ठरतात, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर पांढरं अंग माशाला कमी दिसतं. तिथे पांढऱ्या अस्वलाची शिकार बंद आहे आणि ती तशीच राहायला हवी.

सगळ्यात वाईट प्रकार दक्षिण आफ्रिकेत घडला. १९९१च्या कायद्यानं तिथल्या कुंपणातल्या जंगली जनावरांवर शेतमालकाची मालकी पक्की झाली, आणि काही वर्षांत रंगीत जनावरांचा बाजार उभा राहिला. सोनेरी विल्डेबीस्ट, काळा इम्पाला, पांढरा आणि तांबूस स्प्रिंगबॉक. २०१२च्या आसपास एकेका काळ्या इम्पालासाठी लाखो रँड मोजले जात होते. हौशी परदेशी शिकारी पुढे याहून जास्त देतील, हा हिशेब. महागडी पैदास जपायची म्हणून कुंपणं वाढली, कोल्हे आणि बिबटे मारले गेले, जवळच्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या. पाच-सहा वर्षांत भाव कोसळून काही हजारांवर आले. २०१६ मध्ये हवाईत भरलेल्या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या अधिवेशनात अशा पैदाशीवर नियमन आणा, असा ठराव झाला. त्या बाजारात विकली जात होती ती शिकार नव्हतीच. ऑर्डर देऊन बनवलेला रंग बंदुकीसमोर आणून उभा केला जात होता. शिकारीची बाजू घेणाऱ्यांनीच या धंद्याला सर्वांत आधी विरोध करायला हवा, कारण रानात काय समोर येईल हे माहीत नसणं हाच त्यांच्या छंदाचा प्राण आहे.

मिशिगनच्या हिकरीखाली बसलेल्या माणसाचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. तिथल्या नियमपुस्तिकेत करड्या खारीच्या नावापुढे काळा प्रकारही धरावा, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. जिथे निम्म्या खारी काळ्या आहेत तिथे एक काळी झोळीत गेली म्हणून रानाचं काही बिघडत नाही. मन घट्ट करायचंही कारण नाही. पण दक्षिण ओहायोच्या एखाद्या टेकडीवर, जिथे सगळ्या करड्या आणि मधेच एक काळी, तिथे गोष्ट वेगळी. तो रंग त्या रानात रुजायचा असेल, तर त्या एकीला निदान एक वीण तरी मिळायला हवी. दिवसाच्या ६ खारी करड्यांतून भरता येतात. उत्तरेला ओंटारियोत गेलं, की हाच हिशेब उलटा मांडावा लागतो. तिथे अनेक रानांत काळ्यांचीच गर्दी असते, आणि फांदीवर एखादी करडी दिसली तर शिकाऱ्यानं रायफल खाली घ्यावी.