अंगदुखी, हाताचा दाब आणि थोडा हिशोब



पाठ धरली, मान आखडली, खांदा वर जाईना, असे म्हटले की आपल्याकडे दोनच उत्तरे मिळतात. एक, "गोळी घे." दुसरे, "या वयात एवढं चालायचंच." मला दोन्ही पटत नाहीत.

आमच्या पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांत बाया-पुरुष महिनोन्‌महिने मान खाली घालून रंगकाम करतात. हमरापूर, जोह्यातही तेच. उन्हाळ्यात पापड लाटणाऱ्यांचे खांदे भरून येतात. रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत पाळी करून आलेल्या माणसाची कंबर वेगळ्या कारणाने दुखते. दुखणे कामातून आले आहे, म्हणून ते नशीब म्हणून सोडून द्यायचे का?

हल्ली फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मायोफॅशियल रिलीज हे नाव कानावर येते. आपल्या स्नायूंभोवती एक पातळ, चिवट आवरण असते, त्याला फॅशिया म्हणतात. मोसंबीच्या फोडीवर पापुद्रा असतो ना, साधारण तसे. या उपचारात मालिशसारखे तेल लावून चोळत नाहीत. आखडलेल्या जागी हात टेकवून दीड-दोन मिनिटे, कधी जास्त, हळू दाब धरून ठेवतात. स्नायूतल्या दुखऱ्या गाठींचा अभ्यास डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन डॉक्टर बाईंनी केला. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर त्याच उपचार करीत. खांद्यातल्या गाठीची कळ डोक्यात उठू शकते, हे त्यांनी नकाशे काढून दाखवले. डेव्हिड सिमन्स यांच्याबरोबरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९८३ साली आला.

माझ्या उजव्या खांद्याला या दाबाने आराम पडला. पण आराम पडला म्हणून सांगणाऱ्याचे सगळेच खरे, असे मी मानत नाही. "आवरण चिकटलंय, ते हाताने सोडवतो," असे सांगतात. २००८ साली काही संशोधकांनी गणित मांडले, तेव्हा तळपायाचे आणि मांडीचे जाड आवरण हाताच्या दाबाने ताणले जाणे शक्य नाही, असे निघाले. म्हणजे आराम खरा, पण तो बहुधा नसा शांत झाल्याने आणि स्नायू सैल पडल्याने मिळतो. तो काही दिवस टिकतो. त्या दिवसांत हात-पाय हलवले, व्यायाम केला, तरच फायदा राहतो. नुसते पडून करून घेतले तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मी कॉमर्सची, त्यामुळे हिशोब सुटत नाही. रोह्याला माझ्या जाऊबाईंना पहिल्याच दिवशी दहा वेळांचे पैसे आगाऊ भरायला सांगितले. समजा एका वेळेचे पाचशे, तर पाच हजार झाले, आणि गुण येतो की नाही हे कळायच्या आधीच! माझे म्हणणे असे: तीन वेळा जा. वहीत लिहा, हात कुठवर वर जातो, रात्री झोप किती लागते. फरक दिसला तर पुढे जा. घरी करायचे व्यायाम जो शिकवत नाही, त्याच्याकडे जाऊ नका. आणि बोर्डावर काहीही लिहिलेले असो, फिजिओथेरपीची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी विचारा. विचारण्यात लाज कसली?

काही दुखण्यांवर दाब द्यायचाच नाही. मुंग्या येऊन हातापायातली ताकद गेली, ताप आहे, लघवीवर ताबा राहिला नाही, एकच पोटरी सुजून गरम झाली, तर आधी डॉक्टर. हाडे ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही आधी सांगा.

आपल्या बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटे बसवत नाही, म्हणून उपवासातही पाणी पिण्याच्या वेळेत वेदनाशामक गोळी घेऊन बसणाऱ्या मी पाहिल्या आहेत. रिकाम्या पोटी अशी गोळी जठराला बाधते आणि पाणी कमी पडले की मूत्रपिंडालाही. परीषह सहन करण्याची शिकवण मला वंद्य आहे, पण गोळीने दाबलेली कळ ही काही सहन केलेली कळ नव्हे. बसवत नसेल तर खुर्चीवर बसून सामायिक करावे, भाव तोच राहतो.

आणि घरातल्यांना एक विनंती. पापडाचे पोळपाट जमिनीवरून टेबलावर आणा, दर अर्ध्या तासाने बाईला उठू द्या. दवाखान्यात पाचशे रुपये देण्याआधी हे फुकटातले करून पाहा.